भावाचं मानसिक आजाराचं अपंगत्व सर्टिफिकेट काढावं का? हॉस्पिटलच्या मेडिकल बोर्डात नेमकं काय बघतात?

मधली_ताई

नमस्कार. बरेच महिने इथं नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय ३१, स्किझोफ्रेनिया. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी सुरू झालं, आता ९ वर्षं होत आली. मधे ॲडमिटही करावं लागलं होतं. सध्या गोळ्या वेळेवर घेतो त्यामुळे आवाज ऐकू येणं, शेजाऱ्यांवर संशय घेणं हे खूप कमी झालंय. पण पहिल्यासारखा काही झाला नाही. चारदा सांगितल्याशिवाय आंघोळ नाही, कुणी घरी आलं की आतल्या खोलीत जाऊन बसतो, फोन आला तर उचलत नाही. ओळखीच्यांकडे हिशेबाच्या कामाला लावून बघितलं, महिनाभर गेला आणि मग एक दिवस गेलाच नाही. भांडण नाही, तक्रार नाही, नुसतं जाणं बंद. दुसरीकडे लावलं तिथंही तेच.

बाबा पोस्टातून रिटायर झालेत, पेन्शन आहे. आईला शुगर आणि गुडघ्यांचा त्रास. मी लग्न होऊन दुसऱ्या शहरात, माझ्या वरच्या ताईचं पण तसंच.

मागच्या ओपीडीला डॉक्टर म्हणाले अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. एवढंच बोलले आणि पुढचा पेशंट आत आला. तेव्हापासून घरी रोज यावरून वाद. बाबा म्हणतात स्वतःच्या हाताने शिक्का कशाला मारून घ्यायचा, उद्या पोरगा बरा झाला तर? आई म्हणते आमच्या माघारी कोण बघणार त्याचं, मिळतंय ते घ्या. आणि ज्याचं सर्टिफिकेट काढायचं तो म्हणतो मी अपंग नाही, माझे हातपाय धड आहेत.

मला विचारायचंय की मानसिक आजाराला खरंच सर्टिफिकेट मिळतं का, टक्केवारी कशी काढतात (हाताचा मोडलेला सांधा तरी एक्सरेत दिसतो, हे कसं मोजणार?), आणि बोर्डासमोर तो नीट बोलला, जे तो अनोळखी माणसासमोर पाच मिनिटं नक्की बोलतो, तर हा तर चांगला आहे म्हणून परत पाठवतील का? आणि मिळून पुढे फायदा काय? पैसे मिळतात का? आणि हो, एका नातेवाइकाने सांगितलंय की असं सर्टिफिकेट निघालं की त्याला मतदान करता येत नाही, घरात हिस्सा मिळत नाही. हे खरंय का? आई तेवढ्यानेच घाबरलीय.

---

लेकीची_आई

ताई, आधी सगळ्यात सोपं. मिळतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत त्यात मानसिक आजार स्पष्ट लिहिलेला आहे, आणि त्याच्या आधीच्या १९९५ च्या कायद्यातही होता, म्हणजे हे काही काल निघालेलं नाही. लोकांना माहीत नसतं कारण कुणी काढून घेत नाही, सगळ्यांच्या घरात तुमच्या बाबांसारखे बाबा असतात. (आमच्याकडे सासूबाई होत्या.)

माझ्या मुलीला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी फार चढतो, कधी फार उतरतो. आम्ही काढलंय. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी (म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्रासाठी) अर्ज भरायचा, आधार, फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा, आणि प्रकार निवडताना मानसिक आजार हाच निवडायचा. हे मुद्दाम सांगतेय कारण सायबर कॅफेतला मुलगा भरतो आणि त्याला बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार एकच वाटतं. त्या फॉर्मवर दोन वेगळे रकाने आहेत आणि चुकीचा रकाना गेला तर चुकीच्या डॉक्टरकडे नाव जातं, मग परत पहिल्यापासून. अर्जाला फी लागत नाही, कुणी एजंट करून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा. मग आपल्या जिल्ह्याचं हॉस्पिटल निवडायचं, तपासणीची तारीख येते. बोर्ड रोज बसत नाही, वार ठरलेला असतो आणि त्या दिवशी सायकियाट्रिस्ट आहेत का हे आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या, नाहीतर पेशंटला अख्खा दिवस त्या गर्दीत बसवून परत आणायचं म्हणजे आठवडाभर घर निस्तरत बसायचं.

आता तुमचा पाच मिनिटांचा प्रश्न. तो सगळ्यांचाच आहे. माझी मुलगी बोर्डाच्या दिवशी इस्त्रीचा ड्रेस घालून, केस विंचरून, डॉक्टरांना गुड मॉर्निंग म्हणून आत गेली. आणि खरं सांगू, तो ड्रेस काढून इस्त्री मीच केली होती. चार लोकांत न्यायचं म्हटलं की आपला हात आपोआप झाकायलाच जातो, इतकी वर्षं तेच केलेलं असतं. पण त्या खोलीत झाकून चालत नाही. मी त्यांच्या हातात एक कागद दिला, त्यात रोजचं लिहिलेलं होतं. काल किती वाजता उठली, जेवायला किती वेळा हाका मारल्या, मागच्या वेळी तेजीत गेली तेव्हा काय काय झालं, एकटी बँकेत जाते का. डॉक्टरांनी तो वाचला, मला वेगळं बसवून प्रश्न विचारले. माझ्या मते तो कागद नसता तर त्या इस्त्रीच्या ड्रेसवरच निकाल लागला असता.

खोटं काही लिहायचं नाही, वाढवून तर अजिबात नाही. नुसतं झाकलेलं काढायचं.

---

रिकामटेकडा_७१

एवढे हेलपाटे मारून मिळणार काय तर संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे चार पैसे, ते पण तहसीलला हयातीचा दाखला दे, उत्पन्नाचा दाखला दे करत. आणि पोराच्या नावापुढे कायमचं मानसिक लागणार. बाबांचं बरोबर आहे.

---

ओपीडीतला_सोशलवर्कर

रिकामटेकडा, तुमच्या पोस्टचं पहिलं वाक्य अर्धं बरोबर आहे आणि दुसरं पूर्ण चूक, त्याच्यावर खाली येतो. आधी ताईंच्या टक्केवारीच्या प्रश्नाला उत्तर देतो कारण ते कुणीच नीट समजावून सांगत नाही. आम्हाला ओपीडीत वेळ मिळत नाही हे मान्यच आहे.

मानसिक आजारासाठी आयडियाज नावाची मोजपट्टी आहे, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने बनवलेली आणि सरकारने स्वीकारलेली. त्यात आजाराचं नाव काय याला मार्क नाहीत. स्किझोफ्रेनिया आहे म्हणून इतके टक्के आणि डिप्रेशन आहे म्हणून इतके असं कोष्टक नसतं. बघतात ते चार गोष्टींत: स्वतःची काळजी घेणं म्हणजे आंघोळ, कपडे, खाणं, औषध. मग माणसांशी वागणं. मग बोलणं आणि समजून घेणं. आणि चौथं काम, म्हणजे नोकरी किंवा शिक्षण किंवा घरकाम, ज्याचं जे असेल ते. प्रत्येकाला ० ते ४. शून्य म्हणजे काही अडचण नाही, ४ म्हणजे पूर्ण दुसऱ्यावर अवलंबून. त्यात आजार किती वर्षांचा आहे याचे मार्क मिळवतात, २ वर्षांच्या आत असेल तर १, २ ते ५ वर्षं २, ६ ते १० वर्षं ३, आणि १० च्या वर ४. सगळी बेरीज २० पैकी.

बेरीज ७ च्या खाली राहिली तर ४० टक्क्यांपेक्षा कमी. ७ ते १३ म्हणजे ४० ते ७०. १४ ते १९ म्हणजे ७१ ते ९९, आणि वीसपैकी वीस म्हणजे १००. आणि बहुतेक सगळे फायदे ४० पासून सुरू होतात, म्हणजे सगळा खेळ त्या सातच्या अलीकडे पलीकडे.

आता तुमच्या भावाचं बघा. मी बोर्ड नाही आणि त्याला बघितलेलंही नाही त्यामुळे हे फक्त समजावं म्हणून. ९ वर्षांचे ३. सांगावं लागतं पण सांगितल्यावर आंघोळ करतो, याला समजा १. माणसं टाळतो, २. बोलणं समजतं पण फोन घेत नाही, स्वतःहून बोलत नाही, १ किंवा २. काम टिकत नाही, ३. झाली बेरीज १० किंवा ११. यातला कुठला मार्क एक्सरेत दिसणार? एकही नाही. सगळं घरच्या माणसाच्या सांगण्यावर आणि जुन्या केसपेपरवर. म्हणून लेकीची आई म्हणतात तो कागद. फक्त त्यात माझी एक भर, त्याला आळशी आहे, हट्टी आहे, ऐकत नाही असं लिहू नका. आया-बाप बोर्डात येऊन हेच बोलतात आणि डॉक्टरला त्यातून काही मोजता येत नाही. उठवायला किती हाका लागतात ते मोजता येतं.

आणि वर्षांचा पुरावा लागतो. पहिल्या वेळेचा केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, जुनी प्रिस्क्रिप्शनं, सगळं शोधून ठेवा. ९ वर्षं झाली असं तोंडी सांगितलं आणि कागद मागच्या दोन वर्षांचे असले तर मार्क कागदाप्रमाणे पडण्याचीच शक्यता जास्त.

रिकामटेकडा, कायमचं लागणार म्हणालात. मानसिक आजारात तात्पुरतं सर्टिफिकेट पण असतं, मुदत लिहिलेली असते आणि मुदत संपली की परत तपासतात. बरा झाला तर टक्के कमी होतात किंवा सर्टिफिकेट राहत नाही. उद्या बरा झाला तर, याचं उत्तर तेच आहे, बरा होऊ दे की, कोण अडवतंय. शिवाय कार्ड काढलं म्हणून गळ्यात अडकवून फिरायचं नसतं. जिथे फायदा मागायचा तिथेच दाखवायचं, बाकी कपाटात.

---

लेकीची_आई

हो आणि कार्डाचा रंग पण वेगवेगळा असतो हल्ली, ४० च्या खाली पांढरं, ४० पासून पुढे पिवळं, ८० आणि वर निळं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नियम बदलले तेव्हापासून. त्याच बदलात सर्टिफिकेट द्यायची मुदत एक महिन्याची तीन महिने केली, तेव्हा घाईत असाल तर आत्ताच अर्ज टाका.

---

मधली_ताई

बाप रे, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी. मोजपट्टीचं वाचून बाबांना फोनवर वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत पण ठेवून पण दिला नाही.

संजय गांधी निराधारबद्दल सांगा ना कुणीतरी. आणि मतदान आणि घराचं?

---

कायद्याचं_थोडंफार

मतदानाचं आणि हिश्श्याचं तुमच्या नातेवाइकांनी जे सांगितलं ते चूक. मतदार यादीतून नाव जायला कोर्टाने त्या माणसाला विकल मनाचा ठरवावं लागतं, हॉस्पिटलच्या सर्टिफिकेटने ते होत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तर आणखी स्पष्ट बोलतो, एखाद्याला मानसिक आजार आहे असं निदान झालं एवढ्यावरून तो विकल मनाचा आहे असं धरता येत नाही, कोर्टाने तसं ठरवलं असेल तरच. घरात हिस्सा तर कुठल्याच आजाराने जात नाही. असे सल्ले देणाऱ्या नातेवाइकांचा स्वतःचा त्या घरात काही हिस्सा आहे का हे एकदा बघून घ्या, मी सहज म्हणतोय.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. नॅशनल ट्रस्ट म्हणून १९९९ चा कायदा आहे, त्यात पालक नेमून मिळतो आणि निरामय नावाचा आरोग्य विमा आहे, लोक पटकन तेच सुचवतात. तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांग यांच्यासाठी आहे. मानसिक आजार त्यात नाही. उगाच त्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवू नका. रेल्वेच्या तिकीट सवलतीतही मानसिक आजार नाही, बौद्धिक अक्षमता आहे, त्यामुळे खिडकीवर भांडून उपयोग नाही. चीड येते मान्य आहे.

संजय गांधीसाठी ४० टक्के अपंगत्व, वय १८ ते ६५, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहिलेलं असणं आणि दिव्यांगांच्या बाबतीत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत. रक्कम आधी १५०० होती, दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये २५०० केली. अर्ज सेतूत किंवा तहसीलच्या संजय गांधी शाखेत. तुमच्या बाबांची पोस्टाची पेन्शन असेल तर ५० हजारांत बसणार नाही, म्हणजे ही योजना तुमच्यासाठी सध्या नाही असंच समजा.

---

मधली_ताई

मग झालंच की. पैसे मिळणार नाहीत, रेल्वे नाही, विमा नाही. मग बाबांना काय सांगू, कशासाठी काढायचं?

---

पेन्शन_खिडकी

मी इथे सहसा लिहीत नाही पण हे वाचून राहवलं नाही. मुली, तुझे बाबा पोस्टातून रिटायर म्हणजे केंद्राचे पेन्शनर, आणि इथे एवढ्या लोकांनी लिहिलं पण एकालाही फॅमिली पेन्शन आठवली नाही!

माझी नोकरी पेन्शन सेक्शनला गेली. केंद्राच्या पेन्शन नियमांत, आता ते २०२१ चे आहेत, त्यात ५० वा नियम फॅमिली पेन्शनचा. इतर मुलांना ती २५ वर्षांपर्यंत. पण जो मुलगा किंवा मुलगी मनाच्या आजाराने किंवा अपंगत्वाने स्वतःचं पोट भरू शकत नाही त्याला आयुष्यभर. आई-वडील दोघांच्या माघारी. साधारण शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, त्यावर महागाई भत्ता. तुझी आई म्हणते ना आमच्या माघारी कोण बघणार, त्याचं निम्मं उत्तर इथं आहे, आणि ते संजय गांधीच्या रकमेपेक्षा कितीतरी मोठं आहे.

आता यात लोक कुठे अडकतात ते सांगतो कारण मी खिडकीच्या आतून बघितलंय. आई-वडील असताना कुणी काही करत नाही. शिक्का नको, लोक काय म्हणतील, वगैरे. मग दोघंही जातात, आणि चाळिशी-पन्नाशीचा मुलगा, ज्याला फोन उचलता येत नाही, तो किंवा त्याची लग्न झालेली बहीण फाइल घेऊन खिडकीवर येते. आणि नियमाप्रमाणे विचारावं लागतं की हा आजार आई-वडील हयात असताना होता याचा कागद आहे का. कागद नसतो. आजार सगळ्या गल्लीला माहीत असतो, कागद नसतो. माणूस समोर बसलेला असतो आणि मला कळतंय की याचा हक्क आहे, पण मी काय लावू फाइलला?

म्हणून बाबांना सांग, शिक्का मुलाला लागत नाहीये, कागद त्यांच्या स्वतःच्या पेन्शनच्या फाइलला लागतोय. सर्टिफिकेट झालं की बाबांनी कुटुंबाच्या तपशिलाचा फॉर्म भरून मुलाचं नाव अपंगत्वासह आपल्या ऑफिसला कळवायचं, आणि पीपीओत (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) त्याचं नाव यावं म्हणून आत्ताच अर्ज द्यायचा. पैसे त्याच्या वतीने कोण हाताळणार हेही बाबांनी आत्ताच विचारून लिहून द्यावं, तू किंवा तुझी ताई. पोच घ्या, पोचेवर शिक्का आणि तारीख बघून घ्या, आणि त्या पोचेची झेरॉक्स तुझ्या घरी ठेव, त्यांच्या कपाटात नाही.

दोन अटी आहेत त्या लपवत नाही. नुसते ४० टक्के आहेत म्हणून ही पेन्शन मिळत नाही, या आजारामुळे कमावून पोट भरणं शक्य नाही असं वैद्यकीय कागदावर यायला लागतं. कार्डावर ते नसतं, त्यासाठी बोर्डाकडून तसं वेगळं लिहून मागा. दुसरं, त्याचं स्वतःचं दुसरं उत्पन्न त्या फॅमिली पेन्शनच्या रकमेपेक्षा कमी हवं. ही सवलत २०२१ पासून, त्याच्या आधी अट फारच कडक होती. म्हणजे उद्या त्याने थोडंफार काम केलं, कुठे चार हजार मिळवले, तर तेवढ्याने हक्क बुडत नाही. तेव्हा पेन्शन जाईल म्हणून त्याला कामाला लावायचं थांबवू नका.

राज्य सरकारच्या पेन्शनरांनाही अशी तरतूद आहे, त्यांचे नियम वेगळे, १९८२ चे, त्यांनी आपल्या कोषागारात विचारावं.

---

ओपीडीतला_सोशलवर्कर

काका, सलाम. हे मी आता माझ्या ओपीडीत सांगणार.

एक आणखी, बाबा इन्कमटॅक्स भरत असतील आणि जुन्या पद्धतीने भरत असतील तर अवलंबून असलेल्या दिव्यांग मुलासाठी ८०डीडी खाली ७५ हजारांची वजावट, ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. खर्चाची बिलं जोडायला लागत नाहीत. नव्या पद्धतीत हे मिळत नाही. आणि ग्रामपंचायत, नगरपालिका यांना आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, पालकांच्या पत्त्यावर जी कुठली असेल तिथे चौकशी करा, काही ठिकाणी चांगलं काम आहे, काही ठिकाणी कुणाला पत्ताच नसतो.

---

परतीचा_मुसाफिर

सगळं वाचलं. बाबा काय म्हणतात, आई काय म्हणते, फायदा काय, किती टक्के. भावाचं एक वाक्य होतं वर, मी अपंग नाही. त्याला अजून कुणी उत्तर दिलं नाही म्हणून लिहितोय.

मी स्वतः पेशंट आहे. स्किझोॲफेक्टिव्ह, म्हणजे स्किझोफ्रेनिया आणि मूडचा आजार दोन्हीची लक्षणं. सर्टिफिकेट आहे, ५० टक्के. मला घरच्यांनी सांगितलं होतं चल फिरून येऊ आणि नेऊन सोडलं बोर्डासमोर. तिथे माझ्यासमोर माझ्याबद्दल वाचत होते, हा संडासात तासभर बसतो, हा स्वतःशी बोलतो. सगळं खरं होतं. पण मी पुढे बरेच दिवस वडिलांशी बोललो नाही आणि गोळ्या पण बंद केल्या होत्या, त्याचं पुढे काय झालं ते लिहीत नाही.

ताई तो कागद लिहाल तेव्हा त्याच्यासोबत बसून लिहा. त्याला विचारा तुला काय काय जमत नाही असं तुला वाटतं. त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहिती आहे. तो महिनाभराने कामावर का गेला नाही हे तुम्हाला कुणाला माहितीये का? मला माझं माहिती आहे, दुपारी तीनच्या पुढे समोरच्याचे शब्द नुसते आवाज व्हायचे आणि मी हो हो करायचो, आणि मग चुका व्हायच्या आणि मग लाज. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं कारण कुणी विचारलं नव्हतं, सगळे विचारायचे गेला का नाहीस.

आणि अपंग शब्द त्याला नको असेल तर नका वापरू. मला पण आवडत नाही. मी त्याला हक्काचा कागद म्हणतो. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, शिकण्याची अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांग यांना मिळून. जागा निघतात कमी, पण निघतात. मी फॉर्म भरतो. एकदा मुलाखतीपर्यंत गेलो होतो. तुमच्या भावाचं कॉलेज शेवटच्या वर्षात सुटलं ना, उच्च शिक्षणात ४० टक्के आणि वरच्यांना ५ टक्के आरक्षण आहे, त्याला कधी वाटलं तर. त्याला वाटलं तर, हे महत्त्वाचं.

---

लेकीची_आई

परतीचा मुसाफिर, तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. माझा तो कागद मी लेकीला न दाखवताच दिला होता. तिला अजून माहीत नाही. पुढच्या तपासणीचा तिच्यासोबत लिहीन.

---

रिकामटेकडा_७१

फॅमिली पेन्शनचं मला माहीत नव्हतं. माझा पुतण्या आहे असाच, भाऊ जिल्हा परिषदेत होता. काका तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

---

मधली_ताई

कालच्या रविवारी माहेरी जाऊन आले म्हणून उत्तराला उशीर.

बाबांना पेन्शनवाल्या काकांची पूर्ण पोस्ट वाचून दाखवली. त्यांनी स्वतःची पीपीओची फाइल काढून आणली, चष्मा लावून त्यात भावाचं नाव शोधत बसले. कुठेच नव्हतं. मग म्हणाले अर्ज भर.

भावाशी बोलले. लगेच काही बोलला नाही. संध्याकाळी चहाला बाहेर आला आणि म्हणाला दुकानात जो मालक होता तो मागे उभा राहून बघायचा, तेव्हा आकडे हलायचे. एवढंच. मी लिहून घेऊ का विचारलं तर म्हणाला मीच लिहितो. चार ओळी लिहिल्यात, अक्षर अजून तेच आहे त्याचं, सुंदर. बोर्डात येशील का विचारलं त्यावर बघू म्हणाला, म्हणजे आमच्या घरात तो होकारच असतो.

आता एकच अडचण उरलीय. पहिल्यांदा ॲडमिट केलं होतं ते खासगी हॉस्पिटल, त्याचं डिस्चार्ज कार्ड घर बदलताना गेलं. तिथे फोन केला तर म्हणतात एवढं जुनं रेकॉर्ड देता येत नाही. ते नसेल तर ९ वर्षांचे ३ मार्क जातील ना?

---

कायद्याचं_थोडंफार

फोनवर सगळे नाहीच म्हणतात. लेखी अर्ज द्या, भावाच्या सहीने. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २५ व्या कलमात पेशंटला स्वतःचे वैद्यकीय रेकॉर्ड मिळायचा हक्क आहे, अर्जात ते कलम लिहा आणि पोच मागा. कलमाचा नंबर बघून बऱ्याच ठिकाणी सूर बदलतो.

आणि बोर्डाने टक्के कमी लावले किंवा नाकारलं तर दिव्यांग कायद्याच्या ५९ व्या कलमाखाली अपील करता येतं, त्यामुळे नाकारल्याचा कागद पण लेखी घ्या, तोंडी नाही ऐकून घरी येऊ नका.

---

ओपीडीतला_सोशलवर्कर

आणि तेही नाही मिळालं तरी घाबरू नका, त्या काळातली मेडिकलच्या दुकानाची बिलं, रक्ताच्या तपासण्यांचे रिपोर्ट, कॉलेजला आजारपणाची रजा दिली असेल तर तो अर्ज, यातलं काहीही तारखेसकट चालतं का ते आताच्या डॉक्टरांना दाखवून विचारा. त्यांच्याकडून एक पत्रही घ्या की हा पेशंट इतक्या वर्षांपासून आजारी असल्याची नोंद आमच्या पहिल्या केसपेपरवर आहे. पहिल्या भेटीत डॉक्टर कधीपासून त्रास आहे हे लिहितातच, ती ओळ शोधायला सांगा.

बोर्डाच्या दिवशी पाणी, दुपारच्या गोळ्या आणि खायला काहीतरी सोबत ठेवा. टोकन घेऊन एक जण रांगेत थांबा आणि त्याला बाहेर झाडाखाली बसू द्या, नंबर जवळ आला की बोलवा. मधल्या काळात कुणालाही जास्तच जड झालं, तुम्हाला किंवा आईलाही, तर १४४१६ ही टेलीमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

---

मधली_ताई

अर्ज भरला. मानसिक आजारवाल्याच रकान्यात, दोनदा तपासून. तारीख आली की कळवते.